‘तेवढीच लोकसंख्या कमी झाली’ : माणसं वाढली की माणुसकी आटते का?

उंबरठा

कुठे पूल पडतो, कुठे चेंगराचेंगरी होते, कुठे पूर येतो. बातमी ऐकणाऱ्या चौघांत एक तरी जण म्हणतोच, "जाऊ दे, तेवढीच लोकसंख्या कमी झाली." बाकीचे हसतात किंवा विषय बदलतात. बोलणारा दुष्ट असतो असंही नाही. तोच शेजाऱ्याला मध्यरात्री दवाखान्यात नेतो, वेळ आली तर रक्त देतो.

१५ नोव्हेंबर २०२२ ला जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाल्याचं संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं. १९७४ च्या सुमाराला ती ४०० कोटी होती. जेमतेम अर्ध्या शतकात दुप्पट. तर मला पडलेले प्रश्न असे :

एक, संख्या वाढली की एकेका जिवाची किंमत आपल्या मनात खरंच कमी होते का?

दोन, माणसं खरोखरच जास्त झाली असतील तर दया परवडते का? उपाशी माणसाला जगवायचं, साथीत लस टोचायची, दूरच्या दुष्काळाला धान्य पाठवायचं, म्हणजे पुढच्या पिढीच्या डोक्यावरचं ओझं वाढवायचं, असं चांगले शिकलेसवरलेले लोक म्हणतात. त्यांना ‘मन मोठं ठेवा’ एवढं उत्तर पुरत नाही.

धर्म आणि पक्ष कृपया बाहेर ठेवा. त्यासाठी या चर्चामंचावरचे बाकीचे धागे ओसंडून वाहताहेत.

खवचट खारूताई

असं म्हणणाऱ्याला शांतपणे विचारायचं, "मग तुमचा नंबर कितवा लावू?" (हलकं घ्या.)

परखड

नावडतं मत मांडतो. शिव्या नंतर द्या.

गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये जीवनौकेचं उदाहरण दिलं. नौकेत ५० माणसं आहेत, आणखी १० मावतील, पाण्यात १०० जण हातपाय मारताहेत. सगळ्यांना घेतलं तर सगळे बुडाले. दहांना घेतलं तर कोणते दहा? शिवाय वादळासाठी राखलेली जागाही गेली. त्याचं म्हणणं, कुणालाच घेऊ नका. श्रीमंत देश म्हणजे नौका, गरीब देश पाण्यात.

निष्कर्ष मलाही आवडत नाही. पण गणित कुठे चुकतंय ते कुणीतरी दाखवावं. भावनेला हात घालून पाणी, माती, जंगल वाढत नाही.

मिस्कील मास्तर

नौकेतले ५० जण आधी कसे चढले, हे हार्डिनसाहेबांनी विचारलेलं दिसत नाही.

परखड

विचारलंय. ज्याला अपराधी वाटतं त्याने खाली उतरावं आणि आपली जागा दुसऱ्याला द्यावी, असं उत्तरही दिलंय. मग नौकेत सद्सद्विवेकाचा त्रास होणारं कुणी उरणार नाही, हेसुद्धा तोच सांगतो.

मिस्कील मास्तर

जगाचा कारभार बघता तो प्रयोग केव्हाच यशस्वी झालाय म्हणायचा.

शून्य प्रहर

हार्डिनच्या दोनच वर्षं आधी, १९७२ मध्ये, पीटर सिंगर या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञाने याच्या नेमकं उलट मांडलं होतं. उथळ तळ्यात मूल बुडतंय, तुम्ही बाजूने चालला आहात. कपडे चिखलात भरतील म्हणून कुणी थांबत नाही, उतरतोच. मग मूल हजारो मैल लांब असलं तर कर्तव्य का बदलावं? नोंद म्हणून टाकतोय. माझी अडचण अशी, की तळ्यात रोज नवं मूल दिसत असेल तर माणूस तो रस्ताच सोडून देतो. सिंगरचा तर्क बरोबर असेलही, पण तो पचवणारी माणसं किती?

दर्यावर्दी

जीवनौका हा माझ्या पोटापाण्याचा विषय, म्हणून राहवत नाही. नव्या जहाजावर चढलं की पहिली कवायत तिचीच असते.

टायटॅनिक घ्या. १९१२. जहाजावर सुमारे २,२०० माणसं, जीवनौकांमध्ये जागा १,१७८. नौका कमी होत्या हे सगळ्यांना पाठ आहे. पण वाचले किती? सुमारे ७००. म्हणजे साडेचारशेच्या वर जागा रिकाम्या राहिल्या. एक नंबरच्या नौकेत ४० मावत होते, बसले होते १२. जहाज बुडाल्यावर पाण्यातला आक्रोश नौकांना ऐकू येत होता. परत जायचं का यावर वाद झाले. "सगळे एकदम लटकतील आणि आपणही जाऊ," या भीतीने बहुतेक नौका जागच्या हलल्या नाहीत. मोजक्याच गेल्या, त्याही उशिरा.

हार्डिनची नौका कागदावर भरलेली असते. खरी नौका किती भरली आहे, हे अंधारात बसलेल्याला मोजायचंच नसतं.

दुसरं म्हणजे समुद्राचा कायदा. कुणी संकटात असल्याची खबर मिळाली की कप्तानाने मदतीला गेलं पाहिजे. बुडणाऱ्याचा देश, दर्जा, कागदपत्रं काहीही विचारायचं नाही. मात्र स्वतःचं जहाज आणि त्यावरची माणसं गंभीर धोक्यात न घालता, अशी अटही त्यातच आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना हार्डिनची भीती ठाऊक होती. तरी त्यांनी सुरुवात कर्तव्यापासून केली.

उंबरठा

टायटॅनिकचे हे आकडे या नजरेने कधी पाहिले नव्हते. धन्यवाद.

काळा कोट

नौकेवरून आठवलं. १८८४ चा डडली आणि स्टीफन्स खटला. बोट बुडून चौघे लहान होडीत अडकले. खायला-प्यायला काही उरलं नाही, तेव्हा दोघांनी सतरा वर्षांच्या पोऱ्याला मारलं आणि त्याच्या मांसावर तग धरला. नंतर सुटका झाली. इंग्लंडच्या न्यायालयात बचाव असा, की गरजच तशी होती. न्यायाधीशांनी तो फेटाळला. कुणाचा जीव कमी मोलाचा हे कोणत्या मापाने आणि कुणी मोजायचं, असा त्यांचा सवाल होता. आणि निवड झाली ती सगळ्यात लहान, अशक्त, प्रतिकार न करणाऱ्याचीच, हेही त्यांनी नोंदवलं. फाशीची शिक्षा सुनावली गेली, पुढे ती सहा महिन्यांच्या कैदेवर आली.

हा निकाल वकिलीच्या पहिल्याच वर्षात शिकवतात. सहा महिन्यांवर आणणं योग्य होतं का, यावर मात्र वर्गात अजूनही हाणामारी होते.

आकडेमोड

@परखड, गणित कुठे चुकतंय विचारलंत, म्हणून जरा लांबण लावतो.

हार्डिन धरून चालतो, की वाचवलेला माणूस आणखी माणसं जन्माला घालतो, म्हणून वाचवणं म्हणजे वाढवणं. प्रत्यक्षात उलट घडलं. मुलं जगतील अशी खात्री नसते तेव्हा जोडपी जास्त मुलं होऊ देतात. बालमृत्यू घटले की काही वर्षांच्या अंतराने जन्मही घटतात. मधल्या काळात मृत्यू कमी आणि जन्म मात्र पूर्वीइतकेच, म्हणून लोकसंख्या फुगते. आपण सगळे त्या फुगवट्याकडे बोट दाखवतो.

१९६० च्या दशकात जगात एका बाईला सरासरी ५ मुलं होत. आता सव्वादोनच्या आसपास. वाढीचा वार्षिक वेग तेव्हा २ टक्क्यांच्या वर होता, आता १ टक्क्याच्या खाली आहे. संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज : २०८० च्या दशकात सुमारे १,०३० कोटींवर शिखर, मग उतार. भारताचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.० आला. दक्षिण कोरियात तो २०२३ मध्ये ०.७२ होता.

बांगलादेश १९७१ च्या सुमाराला जवळपास ७ वर होता. हार्डिनच्या हिशेबात तर तो पाण्यातलाच देश. तिथे आरोग्यसेविका घरोघरी गेल्या, साधनं दिली, लसी दिल्या, मुली शाळेत गेल्या. आज तो २ च्या आसपास आहे.

चीनचं उदाहरण कुणी देण्याआधीच सांगतो. एक मूल धोरण १९८० च्या सुमाराला आलं. त्याआधीच, १९७० च्या दशकात, जननदर पावणेसहावरून तीनच्या खाली उतरला होता. त्या मोहिमेतही दबाव होताच, नाही असं नाही. पण सगळ्यात कडक धोरण आलं ते मोठी घसरण होऊन गेल्यावर.

परखड

आकडे मान्य. पण ‘काही वर्षांच्या अंतराने’ हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. त्याच अंतरात जंगलं कापली गेली, नद्यांची गटारं झाली. १,०३० कोटींवर जाऊन खाली येऊ हे मला दिलासा देत नाही. शिखरावर असताना काय काय संपलेलं असेल?

आणि लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते म्हणणाऱ्या माल्थसला हरित क्रांतीने खोटं पाडलं असं कुणी म्हणणार असेल तर आधीच सांगतो : त्या क्रांतीचे जनक खुद्द नॉर्मन बोरलॉग यांनी १९७० मध्ये शांततेचं नोबेल घेतानाच्या व्याख्यानात हे तात्पुरतं यश आहे, लोकसंख्येला आवर घातला नाही तर टिकणार नाही, असं बजावलं होतं.

निसर्गवेडी

मी निम्मी परखड यांच्या बाजूने. सगळी चर्चा माणसाने माणसावर करायच्या दयेबद्दल चालली आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं वजन केलं तर सुमारे ६० टक्के पाळीव जनावरांचं, ३६ टक्के माणसांचं आणि सगळ्या रानटी सस्तन प्राण्यांचं मिळून फक्त ४ टक्के भरतं. २०१८ चा अभ्यास आहे. त्या ४ टक्क्यांत हत्ती आले, देवमासे आले, उंदीरही आले. त्यांच्या वतीने या नौकेत कोण बोलणार?

खवचट खारूताई

मी. आम्ही त्या ४ टक्क्यांत येतो. आमच्याकडून लोकसंख्येबद्दल कसलीही तक्रार नाही, फक्त झाडं तोडू नका.

आकडेमोड

निसर्गवेडी, आकडा बरोबर. पण त्यातच पाहा, सगळ्यात मोठा वाटा आपण खाण्यासाठी-दुधासाठी वाढवलेल्या जनावरांचा आहे. माणसं किती, याच्याइतकंच माणसं कशी जगतात हेही त्यात आलं. कार्बनचंही तेच. ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या अहवालांनुसार जगातल्या सर्वांत श्रीमंत १० टक्के लोकांच्या वाट्याला जवळपास निम्मं उत्सर्जन येतं. जिथे मुलं जास्त होतात त्या देशांचा वाटा नगण्य.

वॉर्ड नंबर चार

रात्रपाळी संपवून लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

गर्दीत दया कमी होते का? रोज अनुभवते. कमी होतं ते लक्ष. खाटा भरल्या, जमिनीवर गाद्या आल्या, की माणसाचं नाव मागे पडतं आणि ‘कोपऱ्यातला ताप’, ‘दाराजवळचं फ्रॅक्चर’ सुरू होतं. कुणी पाणी मागितलं तर "थांबा हो" तोंडून निघतं, आणि ते आपल्यालाच ऐकू येतं. मन दगड झालेलं नसतं. हात दोनच असतात. हाताखाली आणखी एक जण दिला की त्याच बायका पेशंटशी दोन शब्द बोलायला लागतात, हे मी पाहिलंय. म्हणून ‘माणुसकी राहिली नाही’ असं कुणी म्हटलं की मी आधी विचारते, तिथे नेमलेली माणसं किती होती?

परखड यांचा मुद्दा बरेच जण ‘निवड करावीच लागते’ म्हणून मांडतात. मोठा अपघात झाला की आम्हीही निवड करतो. लाल, पिवळा, हिरवा, काळा असे टॅग लावतो. पण त्या निवडीत एकच प्रश्न असतो, आत्ता हात लावल्याने कोण वाचेल. हा जन्मालाच कशाला आला, याची मुलं किती, असलं काही त्यात नसतं. टॅग पुन्हा पुन्हा तपासले जातात, रंग बदलतात. काळ्या टॅगवाल्यालाही वेदना कमी करायचं औषध देता आलं तर देतात. देशच्या देश काळ्या टॅगमध्ये टाकायचे आणि त्याला आमच्या कामाचं नाव द्यायचं, हे मला पटत नाही.

इतिहासाची वही

वॉर्ड नंबर चार यांनी शेवटी लिहिलंय ते अक्षरशः घडलंय. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पॅडॉक बंधूंनी रणांगणावर जखमींची करतात त्याच निवडीच्या धर्तीवर देशांची वर्गवारी सुचवली. भारताला ‘वाचवणं शक्य नाही’ या रांगेत बसवलं. धान्य पाठवू नका, वाया जाईल. पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, भारतात गव्हाचं विक्रमी पीक आलं, इतकं की साठवायला शाळा रिकाम्या कराव्या लागल्या. तेव्हा काळा टॅग बदलायला कोण येणार होतं?

त्याच्याही मागे जाऊ. माल्थसने १७९८ मध्ये निबंध लिहिला आणि १८०५ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्लंडमधल्या हेलीबरी कॉलेजात तो शिकवत होता. कंपनीचे भावी अधिकारी तिथूनच तयार होत.

रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याची गोष्ट तर अभ्यासक्रमात हवी. १८७३-७४ मध्ये बिहारकडे दुष्काळ पडला. टेंपलने ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, कामं काढली, माणसं फारशी दगावली नाहीत. त्याबद्दल बक्षीस काय मिळालं? उधळपट्टी केली म्हणून टीका. १८७६-७८ चा मोठा दुष्काळ आला तेव्हा हाच टेंपल दक्षिणेत पाठवला गेला आणि त्याने कष्टाच्या कामावरच्या माणसाची मजुरी रोज एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. त्या दुष्काळात ५० लाखांहून अधिक माणसं मेली. धान्याची निर्यात चालूच होती.

माणूस तोच. पहिल्या वेळी दया केली तर वरिष्ठांनी हिशेब मागितला. दुसऱ्या वेळी मेलेल्यांचा हिशेब कुणी मागितला नाही. त्याच्या काळजात काय होतं ते देव जाणे. पण कोणत्या चुकीची शिक्षा होते हे त्याला चांगलं कळलं होतं.

जुना सभासद

वहीकाका, तुमचे प्रतिसाद म्हणजे पर्वणी. १९४३ च्या बंगालबद्दलही लिहा.

इतिहासाची वही

थोडक्यात : अमर्त्य सेन यांनी दाखवलं की त्या वर्षी बंगालमध्ये धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, उलट जास्तच होतं. भाव चढले आणि मजूर, कोळी, कारागीर यांच्या हातात ते घ्यायची ऐपत उरली नाही. २० ते ३० लाख माणसं गेली. तोंडं जास्त आणि घास कमी, असा तो हिशेब नव्हता.

अबोली_क

बराच वेळ वाचतेय. एक गोष्ट खटकते. लोकसंख्येची चर्चा देश, नौका, धान्य करत करत शेवटी येऊन थांबते ती बाईच्या पोटावर. पण तिला कुणी विचारत नाही.

१९७६-७७ या एका वर्षात भारतात सुमारे ८० लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या ६० लाखांहून जास्त पुरुषांच्या. कोटे ठरवले होते, शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत सगळ्यांना. माणसं पकडून नेली. देशासाठी, पुढच्या पिढीसाठी, असंच तेव्हाही सांगत होते. परिणाम काय झाला? पुरुषांनी त्या शस्त्रक्रियेचा धसका घेतला तो कायमचा. आणि भार आला बायकांवर. आकडेमोड यांनी दिलेल्या त्याच पाहणीत बायकांची नसबंदी सुमारे ३८ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के आहे. खरं तर पुरुषांची शस्त्रक्रिया सोपी, लवकर बरी होणारी. २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या एका शिबिरात काही तासांत ८० हून अधिक बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि डझनाहून अधिक जणी दगावल्या. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ही शिबिरं तीन वर्षांत बंद करा, असं सांगावं लागलं.

जगात होणाऱ्या गर्भधारणांपैकी जवळपास निम्म्या न ठरवता होतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२२ चा अहवाल सांगतो. म्हणजे बाईला नको असताना, किंवा आत्ता नको असताना. दया करायचीच असेल तर तिथे करा की. तिला साधन द्या, ‘नाही’ म्हणायची मुभा द्या. लोकसंख्येचा प्रश्न सुटतो म्हणून नव्हे, तिचं शरीर तिचं आहे म्हणून. १९९४ च्या कैरोच्या लोकसंख्या परिषदेत जगभरच्या सरकारांनी हेच तर कबूल केलं होतं.

निसर्गवेडी

+१०००

मिस्कील मास्तर

३८ विरुद्ध ०.३. पुरुषवर्गाच्या शौर्याला मानाचा मुजरा.

इतिहासाची वही

अबोली, तुमच्या मुद्द्याची दुसरी बाजू रुमानियात दिसते. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याला माणसं जास्त हवी होती. १९६६ च्या फर्मानाने गर्भपातावर बंदी आणली. पुढच्याच वर्षी जन्म जवळपास दुप्पट झाले. मग बायकांनी चोरवाटा शोधल्या, हजारो मेल्या. १९८९ मध्ये सत्ता गेली तेव्हा अनाथालयांमध्ये लाखाच्या वर मुलं सापडली, बरीचशी आईबाप हयात असलेली. एका सरकारला मुलं नको होती, दुसऱ्याला हवी होती. बाईला विचारायचं मात्र दोघांनीही टाळलं.

उंबरठा

चर्चा मस्त चाललीय, पण माझा पहिला प्रश्न वॉर्ड नंबर चार सोडून कुणी हातात घेतला नाही. गर्दीने माणूस निबर होतो का?

मनकवडा

मानसशास्त्र शिकवतो, म्हणून हा माझ्याकडे लागला.

गर्दी म्हटलं की हमखास उंदीर येतात. जॉन कॅल्हून यांनी १९६८ मध्ये चार जोड्या एका बंदिस्त जागेत सोडल्या, खायला-प्यायला मुबलक. संख्या २,२०० पर्यंत गेली. मग माद्यांनी पिलं टाकून दिली, नर एकमेकांना चावू लागले, काही नुसते अंग चाटत बसले, प्रजनन थांबलं, वसाहत संपली. हे सांगून ‘बघा, माणसाचंही हेच होणार’ म्हणायची फॅशन आहे. पण १९७० च्या दशकात जोनाथन फ्रीडमन यांनी माणसांना दाट खोल्यांत बसवून प्रयोग केले, तेव्हा नुसत्या दाटीने असं काही बिघडलेलं दिसलं नाही. माणूस दार लावतो, रांग लावतो, मान फिरवतो. उंदराला ते जमत नाही.

‘भर रस्त्यात मार खात होता आणि कुणी मध्ये पडलं नाही’ ही दुसरी लाडकी कथा. अॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांतले २१९ भांडणांचे प्रसंग संशोधकांनी तपासले. दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलं होतं. आणि बघे जितके जास्त, तितकी मदत मिळायची शक्यताही जास्त.

मग बोथट काय होतं? पॉल स्लोव्हिक आणि इतरांचे प्रयोग सांगतात, की एका मुलीचा फोटो आणि नाव दाखवलं तर लोक सढळ हाताने देतात. लाखोंचा आकडा दाखवला तर हात आखडतो. आणि मुलीच्या फोटोशेजारी तो आकडा छापला, तर तिलाही कमी मिळतं. थोडक्यात, शेजारच्या गर्दीने आपण फारसे बिघडत नाही. मन थिजतं ते कागदावरच्या संख्येने.

खवचट खारूताई

उंदीर आमचे लांबचे भाऊबंद. बंद खोलीत कोंबून वर त्यांचीच बदनामी, याचा निषेध.

जुना सभासद

मनकवडा, तुमचं पटलं, तरी एक बाजू सुटतेय. उंबरठा यांनी सांगितलेलं ते वाक्य कधी म्हटलं जातं, हे मी मुद्दाम ऐकत आलोय. चेंगराचेंगरीला म्हणतात, टपावर माणसं बसलेली गाडी उलटली की म्हणतात, वस्तीला आग लागली की म्हणतात. विमान पडल्यावर "तेवढीच लोकसंख्या कमी झाली" असं मी एकदाही ऐकलेलं नाही. तेव्हा प्रवाशांची नावं, शिक्षण, लग्न ठरलं होतं का, सगळं चघळलं जातं. संख्येचाच राग असता तर दोन्हीकडे सारखा निघाला असता.

उंबरठा

हे मात्र झोंबलं.

मिस्कील मास्तर

आणि आकडेमोड यांचा उत्सर्जनाचा हिशेब धरला तर पृथ्वीच्या भल्यासाठी ते वाक्य विमानालाच जास्त लागू पडतं.

काळा कोट

मास्तर, विनोद चांगला आहे, पण याच वाटेने जाऊन लोक गंभीरपणे ‘मग श्रीमंत कमी करा’ म्हणू लागतात. डडलीचा प्रश्न तिथेही उरतोच, माप कुणाच्या हातात?

परखड

जुना सभासद यांचा मुद्दा मान्य. मी स्वतः ते वाक्य कधी म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. पण ते बोलणारे वाईट आहेत म्हणून मर्यादा खोटी ठरत नाही. सरळ विचारतो : आपण किती मुलं होऊ द्यावीत हा नैतिक प्रश्न आहे की नाही? की तो निव्वळ खासगी?

दोघंच

आम्ही नवरा-बायकोने मूल नको असं ठरवलं. कारण एवढंच, की इच्छा नव्हती. काही जण आम्हाला स्वार्थी म्हणतात, हल्ली काही जण ‘पृथ्वीसाठी केवढा त्याग’ म्हणून पाठ थोपटतात. दोन्हींचा सारखाच वैताग येतो. प्रश्न नैतिक असेलही, पण तो ज्याने त्याने स्वतःला विचारायचा. आम्हाला विचारायला पाहुणे कशाला?

सत्तरी पार

तुम्ही सगळे जन्माला येणाऱ्यांबद्दल बोलताय. मला काळजी जगून राहिलेल्यांची. जपानात आता जवळपास ३० टक्के लोक ६५ च्या वर आहेत. ‘माणसं जास्त’ची ओरड उद्या ‘म्हातारे जास्त’ अशी होईल, किंबहुना झालीच आहे. औषधाचा खर्च, पेन्शनचा बोजा. तिसऱ्या मुलाला जो ‘कशाला आलास’ म्हणत होता, तोच आम्हाला ‘कशाला थांबलात’ म्हणणार. मी कुठेही जाणार नाही, हे सांगून ठेवतो.

वॉर्ड नंबर चार

आजोबा, थांबा. खाट राखून ठेवलीय, नावासकट.

परखड

@दर्यावर्दी, तुमचं टायटॅनिक रिकाम्या जागांचं होतं. खरोखर भरलेल्या नौकेचं उदाहरण द्या. तिथे तुमचा कायदा काय करतो?

दर्यावर्दी

ऑगस्ट २००१, टॅम्पा नावाचं नॉर्वेचं मालवाहू जहाज. हिंदी महासागरात बुडायला आलेल्या होडीतली ४३० च्या वर माणसं कप्तानाने वर घेतली, बहुतेक अफगाण. जहाज २७ खलाशांसाठी बांधलेलं, जीवरक्षक साधनं ५० जणांपुरती. तुमच्या व्याख्येने काठोकाठ भरलेली नौका. माणसं डेकवर कंटेनरच्या मधे ठेवली. जहाज बुडालं नाही. पण ऑस्ट्रेलियाने बंदरात येऊ दिलं नाही, सैनिक पाठवून ताबा घेतला. आठवड्याभराने त्यांना नौदलाच्या जहाजावर हलवलं. काहींना न्यूझीलंडने घेतलं, बाकीच्यांना नाऊरू बेटावर नेलं.

जागा नसताना मालवाहू जहाजाने घेतलं, आणि अख्ख्या खंडाएवढ्या देशाने जागा नाही म्हणून सांगितलं.

परखड

उदाहरण चांगलं आहे, आणि माझ्याच बाजूचंही आहे. टॅम्पा तरलं, कारण आठवड्याने माणसं उतरवता आली. महिनाभर तशीच ठेवायची असती तर? पृथ्वीवरून कुणाला कुठेच उतरवता येत नाही.

दर्यावर्दी

महिनाभर ठेवायची असती तर पाणी मोजून दिलं असतं, कप्तानालाही तेवढंच. दीर्घ खोळंब्यात तसंच करतात. कप्तानाने अंघोळ करायची आणि डेकवरच्यांनी ओठ ओले करायचे, असं झालं की बंड होतं, तेही माहीत आहे.

निसर्गवेडी

पाण्यावर आलातच, तर गोड्या पाण्याचा आणि शेतीचा वेगळा धागा काढते. इथे तो गाडला जाईल. परखड, तुम्ही आकडे घेऊन या. आकडेमोड, तुम्ही नाही आलात तरी आकडे येतीलच. खारूताईंना प्रवेश मोफत, झाडांसह.

परखड

येतो. पण तिथेही पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.